फुकटची पाटी

कुमुदिनी टिपणीस कॉम्प्युटरवर बसल्या त्या दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं म्हणून. साल चौऱ्याऐंशी. अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात त्या स्टोअरमध्ये क्लार्क होत्या. कारखान्याने कॉम्प्युटर घेतला, त्याला काचेची खोली आणि एसी मिळाला, आणि युनियनवाल्यांनी सांगून टाकलं की या डब्याला जो हात लावेल तो चार जणांच्या पोटावर पाय देईल. पुरुष मंडळी मागे सरली. साहेबांनी स्टोअरमधल्या बाईंना बोलावलं, कारण त्या कोणाच्या अध्यात नव्हत्या की मध्यात नव्हत्या. पुण्याला सहा आठवडे ट्रेनिंग झालं. छत्तिसाव्या वर्षी, घरी सात वर्षांची मुलगी असताना, कुमुदताईंना कळलं की आपल्याला एक गोष्ट फार छान जमते आणि इतकी वर्षं तिचा पत्ताच नव्हता.

पाच वर्षांनी, एप्रिलच्या उन्हात, त्या कुळगावच्या शाळेत गेल्या. तिथले मुख्याध्यापक विष्णुपंत हे त्यांचे थोरले मावसभाऊ. घरच्या कार्याचं आमंत्रण द्यायचं होतं. ऑफिसात शाळेचा क्लार्क कोंडाजी निकालपत्रकं लिहीत बसला होता. नऊशे मुलांची नऊशे पत्रकं, प्रत्येकावर नाव, आठ विषय, शेरा. तर्जनीला चिंधी बांधलेली. आणि शेजारच्या टेबलावर एक कॉम्प्युटर होता, एका माजी विद्यार्थ्याने दिलेला. त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल पसरला होता.

"दादा, हा असताना कोंडाजी हाताने का लिहितोय?"

"त्याला मराठी कुठे येतंय?" विष्णुपंत म्हणाले. "मराठीसाठी आत एक वेगळं कार्ड बसवावं लागतं म्हणे. त्याची किंमत ऐकली आणि मी त्याच्यावर रुमाल टाकला."

कुमुदताई घरी आल्या त्या डोक्यात एकच विचार घेऊन. प्रिंटर ठिपके उमटवतो. चोवीस सुया, चोवीस ठिपक्यांची उंची. मग अक्षर म्हणजे दुसरं काय, ठिपक्यांची मांडणी! कार्ड कशाला हवं? त्यांनी आलेख कागदाची वही आणली. चोवीस चौकटी उंचीची एकेक पट्टी आखायची आणि तिच्यात अक्षर बसवायचं. मुलगी उमा, आता बारा वर्षांची, पेन्सिलीने चौकटी भरून द्यायची. 'क' एका रविवारात झाला. 'ळ'ने तीन रविवार खाल्ले. जोडाक्षरांनी तर जीव काढला. 'ट्ट' बसवावा तर 'ष्ठ' फुटायचा, 'ऱ्ह' कशातच बसायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत, साहेबांची परवानगी काढून, त्या कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ही अक्षरं चढवायच्या. एक वर्ष गेलं. प्रोग्रॅमला त्यांनी नाव दिलं 'पाटी'.

नव्वदच्या मे महिन्यात कुळगावच्या शाळेत पहिलं निकालपत्रक बाहेर आलं. कर्रर कर्रर करत कागद सरकत होता आणि कोंडाजी वाकून वाचत होता. "अग्गो! 'श्रद्धा' बराबर आली! माज्या हातानं पण एवडी चांगली येत नाय." मग त्याने डोळे बारीक केले. "पन मॅडम, ह्यो 'ळ' पोटात फाटलाय बगा."

त्या दिवशी सगळे हसले. कुमुदताईही हसल्या.

बातमी उल्हासनगरला पोचायला पंधरा दिवस पुरले. कॅम्प तीनमध्ये हासानंद शेठचं दुकान होतं. आधी ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर, आता सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचा धंदा. ते मिठाईचा डबा घेऊन अंबरनाथला घरी आले. खुर्चीत बसता बसता त्यांनी किंमत सांगितली.

"मॅडम, पंद्रह हजार. आज ही. बस, चीज मेरी."

तेव्हा कुमुदताईंचा पगार महिन्याला अडीच हजारही नव्हता. "तुम्ही ती शाळांना कितीला द्याल?"

"दोन हजार एक कॉपी. शाळा छोटी असेल तर अठराशे."

"कुळगावची शाळा अठराशे देणार नाही, शेठ."

"तो नहीं मिलेगा. धंदा है ना, मॅडम."

मिठाईचा डबा त्यांनी ठेवून घेतला, तो परत करणं बरं दिसलं नसतं. पण प्रोग्रॅम दिला नाही. 'क' काय, 'ळ' काय, ही आपल्या बापजाद्यांची नाहीत की विकायला काढावीत, असं त्यांना वाटलं. आणि एक गोष्ट त्यांना आठवली. ट्रेनिंगला पुण्यात शिकवणारे सर आपण लिहिलेला प्रोग्रॅम पूर्ण उघडून दाखवायचे, ओळ न् ओळ. घ्या, वापरा, सुधारा, म्हणायचे. नाहीतर शिकणार कसे? कुमुदताईंनी तेच केलं. 'पाटी'च्या फ्लॉपीवर त्यांनी चालणारा प्रोग्रॅम तर टाकलाच, पण तो ज्यातून बनला ते सगळं मूळ लिखाणही टाकलं. सोबत एक चिठ्ठी, 'वाचा' नावाची. 'ही पाटी कोणाच्या मालकीची नाही. नकला करा, वाटा, बदला. काही सुधारलंत तर मला कळवा, म्हणजे ते सगळ्यांना देता येईल.' खाली नाव आणि अंबरनाथचा पत्ता.

त्यांचे यजमान श्यामकांत मुंबईत बँकेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पंधरा हजारांना नको म्हणालीस ते ठीक. पण पुढे हे सगळं कोण करणार?"

"पुढे करायचंय काय? झालंय ना लिहून!"

ही त्यांची चूक. ती त्यांना नऊ वर्षं पुरली.

कारण लिहून झालेलं काही नव्हतंच. पाटी कुळगावहून बदलापूर पश्चिमेला गेली, तिथून कर्जत, मुरबाड, शहापूर. शाळांमधून ग्रामपंचायतीत शिरली, पतपेढीत शिरली. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या एका छापखान्याने तिच्यावर लग्नपत्रिकांचे मसुदे काढायला सुरुवात केली. आणि दर चार महिन्यांनी बाजारात नवा प्रिंटर यायचा, त्याच्या सुयांची चाल वेगळी, आणि पाटीची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. परीक्षेचे नियम बदलायचे, श्रेणी यायची, श्रेणी जायची, पत्रकाचा नमुना बदलायचा. घर बांधलं म्हणजे संपलं असं होत नाही, दरवर्षी कौलं चाळावीच लागतात. पण कौलं चाळणाऱ्याला लोक मजुरी देतात.

ब्याण्णवला कारखाना बंद पडला. कुमुदताईंच्या हातात नुकसानभरपाईचा चेक आला आणि काचेची खोली गेली. त्यांनी काय करावं? त्या पैशातले अठ्ठावीस हजार काढले आणि हासानंद शेठकडूनच एक कॉम्प्युटर घेतला.  त्या वर्षी घराला रंग लागला नाही.

त्याच सुमारास घरी फोन बसला. तो त्यांनी घ्यायलाच नको होता. सकाळी कुकर लावला की फोन. "पाटीवाल्या मॅडम का? आमच्याकडं दुसऱ्या पानावर समास सरकतोय. आत्ताच्या आत्ता सांगा." पत्रं तर ढिगाने. मुरबाडकडच्या एका ग्रामपंचायतीचं पोस्टकार्ड त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं होतं: 'आपले सॉफ्टवेअर निकृष्ट दर्जाचे आहे. ताबडतोब दुरुस्त करून पाठविणे. फ्लॉपी व टपालखर्च आपला.'

'आपला' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली होती.

त्र्याण्णवला त्यांनी 'वाचा'मध्ये चार ओळी वाढवल्या. 'पाटी फुकट आहे आणि फुकटच राहील. पण ती चालू ठेवायला खर्च येतो. आपल्या उपयोगी पडत असेल तर वर्षाला पंचवीस रुपये मनीऑर्डरने पाठवावेत.' या ओळी लिहिताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या माईने त्यांना शिकवलं होतं की विद्येचे पैसे मागू नयेत. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

वर्षभरात अकरा मनीऑर्डरी आल्या. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि पावतीच्या तळाचा मजकूर वाचून दाखवायचा, ही त्याची सवय. एकावर लिहिलं होतं: 'पंचवीस रु. पाठवत आहे. ळ अजून फाटतो. लक्ष द्यावे.'

"कुठला 'ळ', बाई?" पोस्टमनने विचारलं.

"माझ्या कपाळातला," कुमुदताई म्हणाल्या.

मग कोणीतरी सुचवलं की सरकार मराठीसाठी अनुदान देतं. त्यांनी अर्ज केला. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एका अधिकाऱ्याने फाइल उघडली. माणूस सभ्य होता, चहा मागवला.

"संस्थेचं नाव?"

"संस्था नाही. मी एकटीच आहे."

"नोंदणी क्रमांक नाही. बरं. उत्पादनाची विक्री किंमत?"

"फुकट देते मी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे बघा, या रकान्यात शून्य लिहिता येत नाही. शून्य लिहिलं की पुढचा रकाना, टक्केवारीचा, तोही शून्य येतो. शून्याचे पन्नास टक्के किती?"

"शून्य," गणितात हुशार असलेल्या कुमुदताई म्हणाल्या.

"मग मी तरी काय करू? तुम्ही किंमत लावा, दोनशे का होईना. मग देता येईल."

"किंमत लावली की कोंडाजी परत हाताने लिहायला बसेल."

"कोण कोंडाजी?"

त्यांनी चहा संपवला आणि त्या उठल्या. जिना उतरताना भिंतीवर एक नोटीस दिसली. शुद्ध मराठीत, सुबक अक्षरात. 'ळ'चं पोट बघूनच त्यांनी ओळखलं. पाटीवर छापलेली होती. परत वर जावं आणि त्या सभ्य माणसाला हाताला धरून खाली आणावं असं त्यांना फार वाटलं. पण कारण सांगायचं काय? त्या तशाच बाहेर पडल्या.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात विष्णुपंतांनी सत्कार ठरवला. शाळेचं मैदान, मांडव, तालुक्यातल्या साठ शाळांचे मुख्याध्यापक, एक माजी आमदार. "कुमुद, तू नाही म्हणू नकोस. लोकांना तुझ्याबद्दल फार आदर आहे." कुमुदताई निळी इरकल नेसून गेल्या. भाषणं झाली. माजी आमदारांनी त्यांना सरस्वती म्हटलं, मग झाशीची राणी म्हटलं, मग नाव चुकून कुसुम म्हटलं. शाल आली, नारळ आला, पितळी समई आली. मानपत्र वाचलं गेलं. तेही पाटीवरच छापलेलं. मागे लाउडस्पीकरवाला पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून घड्याळ दाखवत होता. कुमुदताई शेजारी बसलेल्या विष्णुपंतांच्या कानाशी लागल्या.

"दादा, या सगळ्याला किती आला?"

"अगं, तू कशाला विचारतेस? साडेसहा हजार. सगळ्या शाळांनी वर्गणी काढली."

कुमुदताई उत्तराचं भाषण करायला उभ्या राहिल्या. कागदावर आभाराच्या ओळी लिहून आणल्या होत्या. तो कागद त्यांनी उलटा ठेवला.

"तुम्ही साडेसहा हजार गोळा केले," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे शाळेमागे पंचवीस रुपये मागितले होते. या तालुक्यातून चार शाळांनी दिले. माझ्याकडे नवा प्रिंटर नाही, म्हणून तुमची पत्रकं वाकडी येतात, म्हणून तुम्ही मला सकाळी साडेसातला फोन करता. शाल मला आहे. समईसुद्धा आहे, लग्नातली. मला प्रिंटर द्या हो."

 माजी आमदारांनी टाळी वाजवायला उचललेले हात मांडीवर ठेवले. 

विष्णुपंत वर्षभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. "चार माणसांत तू माझी अब्रू काढलीस," एवढंच म्हणाले. पण ते माणूस सरळ होते. राग होता तरी त्यांनीच पुढच्या महिन्यात सभा बोलावली आणि एकतीस संस्थांकडून लेखी घेतलं, वर्षाला पाचशे रुपये, पाटीच्या देखभालीसाठी. पहिल्या वर्षी एकोणीस जणांनी दिले. त्यातून प्रिंटर आला. कुमुदताईंनी तीन महिने दुपारची झोप सोडून 'ळ' मुळापासून नव्याने काढला. तो शेवटी फाटायचा थांबला. दुसऱ्या वर्षी सहा जणांनी दिले. एका मुख्याध्यापकांनी त्यांना फोनवर समजावलं, "मॅडम, आता ती चांगली चालते ना? मग पैसे कशाचे?"

बिघडलेली असताना ती निकृष्ट होती. चांगली झाली तर खर्च उरला नव्हता. कुमुदताईंनी रिसीव्हर खाली ठेवला आणि कणकेच्या गोळ्यावर अशी मूठ मारली की उमा आतून धावत आली.

सत्त्याण्णवला हासानंद शेठ पुन्हा दारात उभे राहिले. कुमुदताईंचा त्यांच्यावर जुना राग होता. त्यांच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पाटी चढवलेली असे, आणि बिलात 'मराठी सॉफ्टवेअर, रु. ६००' अशी ओळ असे. कुमुदताईंच्या चिठ्ठीने ते करायला मनाई नव्हती. तरी तो आकडा त्यांना खुपायचा.

"आप नाराज हैं, मुझे पता है," शेठ म्हणाले. या खेपेला मिठाई नव्हती. "पर सुनो. आपने छह महीने से कुछ नया नहीं भेजा. माझं गिऱ्हाईक बोंबलतंय. नवा प्रिंटर, पाटी चालत नाय."

"मी दमले आहे, शेठ. सहा संस्थांच्या पैशात मी साठ प्रिंटर सांभाळू शकत नाही."

"तो मैं देता हूँ. महिना पंधराशे. पर काम मेरा पहले."

कुमुदताईंच्या मनात आलं. शाळा नाहीत, सरकार नाही, सरस्वती म्हणणारे नाहीत. पाटीची खरी किंमत ओळखणारा माणूस निघाला तो पहिल्या दिवशी ज्याला नाही म्हटलं तोच.

"एक अट. तुमच्यासाठी जे करीन ते फ्लॉपीवर सगळ्यांना मिळेल."

"मतलब बाजूवाल्या दुकानदारालाही फुकट?"

"त्यालाही."

"वाह, साईं!" शेठने कपाळाला हात लावला. "पैसा माझा आणि मजा त्याची?" मग ते खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, जिस चीज का मालिक नहीं, उसको खाना कौन खिलाएगा? मी खिलवतो, पण एकटा किती दिवस खिलवू?" मग म्हणाले, "ठीक आहे. एक साल."

ते एक वर्ष कुमुदताईंच्या आयुष्यातलं त्यातल्या त्यात बरं वर्ष होतं. पहिल्या तारखेला पाकीट यायचं. त्यांनी पुस्तकं घेतली, दुपारी तीन तास नेमाने बसल्या, एकवीस दुरुस्त्या केल्या. पण तोवर खिडक्यांवाला रंगीत कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर सुंदर सुंदर मराठी अक्षरं मिळायची. विकत घेतली तर महाग, पण विकत घेतो कोण? उल्हासनगरात चोरीची सीडी पन्नास रुपयांना मिळत होती. "मॅडम, विंडोजवर पाटी कधी?" असं लोक विचारायचे. त्यासाठी पंचेचाळीस हजारांचा कॉम्प्युटर लागणार होता आणि पन्नाशीला टेकलेल्या बाईला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागणार होतं. वर्ष संपलं. शेठ स्वतः सांगायला आले, एवढं खरं. "अब गिऱ्हाईक माँगता नहीं, मॅडम. माफ करना." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं. कुमुदताईंना त्याचाही रागच आला.

तरी शाळांमध्ये पाटीच होती. त्यांच्याकडे तेच जुने कॉम्प्युटर, त्याच सुयांचे प्रिंटर. आणि नव्व्याण्णवच्या जूनमध्ये कुमुदताईंच्या लक्षात आलं की पाटी साल दोनच आकड्यांत ठेवते. पुढच्या एप्रिलला निकाल लागतील तेव्हा साल शून्य-शून्य येईल, मुलांची वयं उणे निघतील, वर्ग उलटे लागतील. दुरुस्ती एका ठिकाणची नव्हती, शंभर ठिकाणची होती. दोन-तीन महिन्यांचं काम.

त्यांनी सगळ्या शाळांना पत्रं टाकली. 'दुरुस्ती करायला मी तयार आहे. प्रत्येक शाळेने तीनशे रुपये आधी पाठवावेत. पैसे जमले तर काम सुरू करीन. जमले नाहीत तर करणार नाही.'

आयुष्यात प्रथमच त्यांनी 'करणार नाही' असं लिहिलं होतं.

विष्णुपंत तेव्हा निवृत्त झाले होते. ते काठी टेकत आले. "कुमुद, यात मुलांचा काय दोष?"

"काहीच नाही."

"मग?"

"दादा, माझाही नाही." त्यांचा आवाज चढला. "दहा वर्षं हेच ऐकतेय. मुलांचा दोष नाही, मुख्याध्यापकांचा नाही, सरकारच्या रकान्याचा नाही. मग भरायचं मीच का? उमाचं लग्न या वर्षी आहे. श्यामकांतांनी दहा वर्षांत मला एका शब्दाने विचारलं नाही की हे किती गिळतंय. मी विचारते स्वतःला. तुम्ही जा त्या शाळांना सांगा."

विष्णुपंत गेले. ऑगस्ट संपेपर्यंत पाच शाळांचे पैसे आले. कुमुदताईंनी ते पाचही परत पाठवले आणि बदलापूरच्या एका खासगी क्लासमध्ये विंडोज शिकवायची नोकरी धरली. विंडोज त्या स्वतःच रोज आदल्या दिवशी शिकायच्या. महिन्याला चार हजार. पाटीची कागदपत्रं त्यांनी माळ्यावर टाकली. जीव थाऱ्यावर नव्हता. क्लासमध्ये शिकवताना मधेच शून्य-शून्य डोळ्यांपुढे यायचं आणि मग त्या मुलांवर उगाच खेकसायच्या.

सप्टेंबरात एक दिवस पार्सल आलं. आत एक फ्लॉपी आणि चिठ्ठी. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली मराठी शाळा. 'सा. न. वि. वि. पाटीतील सालाची अडचण आमच्या शाळेपुरती सोडवली आहे. आपल्या संस्थेस उपयोग झाल्यास पाहावे. वृंदा सोनाळकर, गणित शिक्षिका.'

कुमुदताईंनी फ्लॉपी घातली. साल चार आकडी. वय बरोबर. त्यांनी मूळ लिखाण उघडलं आणि वाचत गेल्या. नुसतं साल नव्हतं. समासाची जुनी चूक, जी त्यांना कधी सापडली नव्हती, ती गेली होती. श्रेणीचं कोष्टक नव्याने लिहिलं होतं, आणि त्यांच्यापेक्षा बरं लिहिलं होतं. प्रत्येक दुरुस्तीपुढे तारीख होती. पहिली तारीख त्र्याण्णवची होती.

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून त्या कॅम्प चारला गेल्या. वृंदा पस्तिशीची, हातात खडूची पेटी, वर्गातून बाहेर येत होती.

"सहा वर्षं?" कुमुदताईंनी नावही न सांगता सुरुवात केली. "सहा वर्षं तुम्ही हे सुधारताय आणि मला कळवत नाही? चिठ्ठीत लिहिलं होतं ना, कळवा म्हणून! त्या समासापायी मला शंभर फोन आले!"

वृंदा गांगरली. "तुम्ही... टिपणीस?"

"मग कोण?"

"मला वाटलं टिपणीस म्हणजे मोठी कंपनी आहे. ऑफिस असेल, माणसं असतील. आमच्या असल्या बारीकसारीक गोष्टींनी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?"

कुमुदताई तिथेच, शाळेच्या पायरीवर बसल्या. त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मग वृंदा शेजारी बसली, आणि मधली सुट्टी संपून तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी दोघी बोलत राहिल्या.

वृंदाची फ्लॉपी तिच्या एका प्रिंटरवर चालत होती, बाकीच्यांवर नाही. ते निस्तरायला दोघींना दिवाळीपर्यंत काम पुरलं. कुमुदताई कुरकुरत होत्याच. पैसे कोणीही दिले नव्हते, आणि त्यात भरीस भर म्हणून क्लासवाल्यांनी दोन दिवसांचा पगार कापला होता. वृंदा मात्र वेगळं बोलली. "मॅडम, फ्लॉपी टपालाने पाठवायची नाही. मी जाऊन बसवून देईन. रविवारी, स्कूटीवर."

"आणि खर्च?"

"घेईन की."

पहिल्या शाळेत कुमुदताई मुद्दाम सोबत गेल्या. बदलापूरची शाळा, ऑगस्टात तीनशे रुपये नाकारलेली. वृंदाने अर्ध्या तासात पाटी चढवली, दोन पत्रकं काढून दाखवली आणि म्हणाली, "तीनशे झाले, सर." मुख्याध्यापकांनी ड्रॉवर उघडला, तीन नोटा काढल्या, वर चहा सांगितला. पावतीवर 'दुरुस्ती-भेट' असं लिहून घेतलं. त्यांच्या कपाळावर एक आठी पडली नाही.

बाहेर आल्यावर कुमुदताईंनी विचारलं, "हे पैसे कशाचे दिले त्यांनी?"

"माझ्या येण्याचे."

"आणि त्या प्रोग्रॅमचे? दहा वर्षांचे?"

"तो तर फुकट आहे ना, मॅडम," वृंदा स्कूटी सुरू करत म्हणाली. तिला त्यात काही टोचेल असं वाटलंही नव्हतं. तिने त्यातली एक नोट पुढे केली. "हे तुमचे."

कुमुदताईंनी आधी हात मागे घेतला. मग नोट घेतली आणि पर्समध्ये टाकली. रागाने कान तापले होते. मागच्या सीटवर पदर खोचून बसत त्या म्हणाल्या, "पुढच्या शाळेत साडेतीनशे सांग."